धाकट्या मंडईतला नैवेद्य

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया

ही डायरी २०१४ ची. ह्यांना ऑफिसात मिळाली होती, कोरीच राहिली. त्या वर्षीचे वार आणि ह्या वर्षीचे वार तंतोतंत जुळतात हे जानेवारीतच माझ्या लक्षात आलं, म्हणून रद्दीत दिली नाही. पानाच्या वरच्या अर्ध्यात स्वयंपाकघराचा शिधा लिहीन, खालच्या अर्ध्यात हे असलं.

आज धाकट्या मंडईचं दार पुन्हा उघडलं. लग्न होऊन गिरगावात आल्यापासून मी तिथूनच भाजी आणली. बत्तीस गाळे होते. मग लोक फोनवरून मागवायला लागले, दहा मिनिटांत कोथिंबीर दारात. एकेक गाळा मिटत गेला, पाच उरले, आणि दोन वर्षांपूर्वी मंडईच्या ट्रस्टने कुलूप घातलं. ती जागा आमच्या सुनेने, मनवाने, नोकरी सोडून अकरा महिन्यांच्या कराराने घेतली आहे. मुलगा नील बोटीवर नोकरीला, त्याला फोनवरच कळवलं. पुढे किराणा, मागे दुपारचं जेवण. दगडी ओटे तसेच ठेवलेत, त्यांवरचे पत्र्याचे नंबरही तसेच. लोक ओट्यावर ताट ठेवून जेवतील.

ताट एकच, घरच्यासारखं. आमटी, भात, पोळ्या, एक भाजी, एक उसळ, कोशिंबीर, ताक. करणार मी. त्रेसष्टाव्या वर्षी कोणी मला कामावर ठेवेल असं वाटलं नव्हतं, आणि ठेवलं ते सुनेने.

बाकी तिघं. मनवा सगळ्यावर देखरेख. गुणाजी म्हणजे मंडईतला जुना नारळवाला, तो किराणा बघेल. आणि सीमाबाई. चौदा नंबरच्या गाळ्यावर पालेभाजी विकायच्या, आता पोळ्या आणि चिराचिरी करतील. घोडपदेवहून बसने येतात.

ट्रस्टचे सेक्रेटरी वर्दे दार उघडून देताना म्हणाले, "डिसेंबरात आम्ही जेवायला येऊ आणि ठरवू. चाललं असेल तर पुढची तीन वर्षं तुमची. नाहीतर एक पार्सलवाली कंपनी गोदामासाठी मागे लागली आहे." मनवा हसली, पण तिचे हात गार होते. मी धरले तेव्हा कळलं.

दाराशी कोनाड्यात मंडईचा गणपती आहे. दोन वर्षं कुलपाआड होता बिचारा. त्याचं तोंड धुतलं, शेंदूर लावला. साडेअकराला त्याला ताट दाखवायचं आणि मगच वाढायला घ्यायचं, हे मी मनवाला आधीच सांगून ठेवलंय. आणि त्याआधी कोणी काही तोंडात घालायचं नाही. आमच्या सासूबाईंचा दंडक, देवाच्या आधी चव घेतली की ते उष्टं. एक्केचाळीस वर्षांत मी कधी पळी जिभेला लावली नाही. मीठ वासाला कळतं, असं त्या म्हणायच्या, आणि खरंच कळतं.

गजानना, तुझ्या दारात आलोय. सांभाळ.

२ मे, शुक्रवार

बावीस ताटं.

देवाचं ताट परत आणलं आणि सीमाबाईंना म्हटलं, "घ्या, प्रसाद." त्या पोळ्या शेकत होत्या. म्हणाल्या, "प्रसाद म्हणून नको, काकू. आमच्यात तसं नाही. जेवण म्हणून द्याल तर जेवीन." त्यांच्या पर्समध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे, मी काल पाहिला होता. नेम त्यांचाही आहे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ही वही दुसरं कोणी वाचत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी कणकेला हात घातला तेव्हा माझ्या मनात क्षणभर माझी आई बोलली. मी आईला गप्प केलं. पण ती बोलली हे खरं.

देवाचं ताट यापुढे मीच जेवीन, सगळ्यांचं झाल्यावर.

१९ मे, सोमवार

एकोणीस ताटं. लोक येतात, जेवतात, छान म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

हल्लीचा माल चांगला येत नाही हे खरं. हिंगाची डबी बदलली, वास नाही. अगरबत्तीचा नुसता धूर. मोगऱ्याचा गजरा देवाला घातला, तोही कागदाच्या फुलांसारखा. होळीच्या सुमारास ताप आला होता त्यानंतर नाक जरा चोंदलेलं असतं, पण एवढं काही नाही.

मीठ मी हात राखूनच घालते. वास जुळला असं मन सांगत नाही तोवर पुढे जायचं नाही, कारण एकदा जास्त झालं की ऐंशी माणसांचं अन्न फुकट. अर्थात ऐंशी माणसं कुठे आहेत.

हे घरी जेवताना पानात मीठ फार घेतात. डॉक्टरांनी बीपीचं इतकं सांगितलंय. मी बरणी उचलून फळीवर ठेवली. ह्यांनी उठून ती पुन्हा काढून घेतली.

१४ जून, शनिवार

सतरा.

समोरच्या चाळीतले नाना मात्र रोज येतात. छापखान्यात मुद्रितं तपासायचे, आता एकटेच असतात. चौदा नंबरच्या ओट्यावर बसतात आणि सगळ्यात खोट काढतात, ताटाच्या काठापासून. आज हात धुताना म्हणाले, "वहिनी, तुमचं पथ्याचं जेवण मला फार मानवतं हो." मला बरं वाटलं. मनवाला सांगितलं तर तिचं तोंड उतरलं. कशामुळे कोण जाणे, दमलेली असेल.

गुणाजी दुपारी माशा मारत बसला होता. म्हणाला, "वैनीनु, जुन्या मंडईत गिऱ्हाईक नव्हता तेवा निदान गजाली तरी होत्यो." सीमाबाईंनी आतूनच उत्तर दिलं, "गजालीच करायच्या तर नारळ सोला, हात तरी चालू देत."

२३ जुलै, बुधवार

आज मोठं संकट टळलं. देवाची कृपा.

मी शेगडीपाशी उभी राहून वाल सोलत होते. सीमाबाई बाहेरून मेथी घेऊन आल्या आणि दारातच जुडी टाकून धावत आल्या. शेगडी बंद केली, खालचा कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या. एका शेगडीचं बटण अर्धं फिरलेलं होतं आणि ज्योत नव्हती. किती वेळ तसं होतं देव जाणे. काडी ओढणार होते मी पाचच मिनिटांत.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "काकू, एवढा वास सुटलाय, अख्ख्या मंडईत. तुम्हाला आला नाही?"

"वालाच्या नादात लक्ष नव्हतं हो," मी म्हटलं.

त्यांनी मेथी गोळा करून आणली. मग उगाच आल्याचा तुकडा ठेचला आणि माझ्यासमोर धरला. "बघा हो, ताजं आहे का?" मी म्हटलं, "आहे की." दिसत होतंच ताजं. त्यांनी मान हलवली आणि पोळ्यांना लागल्या.

गणपतीपाशी आज साजूक तुपाचं निरांजन लावलं. वाचवलंस रे बाबा.

१२ ऑगस्ट, मंगळवार. अंगारकी

देवाने ऐकलं. एक्केचाळीस ताटं.

गेले दोन आठवडे रोज दोन-चार वाढताहेत. बँकेतल्या मुली येतात, सोनारांच्या दुकानातली माणसं येतात. एकाने आमटी तीनदा मागितली. मी नवीन हिंग आणला त्याचा गुण असेल, शिवाय मी देवापुढे अकरा आवर्तनं म्हणते आता, पूर्वी पाच म्हणायचे. त्यामुळे ताट दाखवायला थोडा जास्त वेळ लागतो. मनवा म्हणाली, "आई, लोक खोळंबतात." सीमाबाईच म्हणाल्या, "असू दे गं, म्हणू दे त्यांना सावकाश." त्या देव मानत नाहीत, पण दुसऱ्याचं मानणं जपतात. माझ्या मनात त्यांच्याबद्दल फार चांगलं आलं.

२२ सप्टेंबर, सोमवार. घट बसले

सदुसष्ट ताटं. मनवा परवा रात्री गुणगुणत होती. किती महिन्यांनी.

एक गोष्ट जुळत नाही. शिधा मी पै न पै, म्हणजे मूठ न मूठ, लिहिते. गेल्या सहा दिवसांत माझ्या हाताने मीठ गेलं सव्वा किलो. कणकेतलं वेगळं, ते सीमाबाई सकाळीच काढून घेतात आणि मला सांगतात. बरणीतून मात्र अडीच किलो गेलंय. मागच्या आठवड्यातही तसंच. मागे जाऊन पानं चाळली, जुलैच्या शेवटापासून तसंच आहे.

गुणाजीला विचारलं, किराण्यातून कोणी बरणीतलं नेतं का. तो म्हणाला, "मिठाचो हिशेब कित्याक ठेवतास वैनीनु? समुद्र हय चौपाटीर."

मिठाला काय पडतं. पण न जुळलेलं मला झोपू देत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

लिहावं की नाही असं झालंय.

बरणीला कागदाची पट्टी चिकटवली आहे. आज नैवेद्याला निघण्याआधी तिच्यावर पेन्सिलने बारीक रेघ मारली. मीठ सगळ्या पातेल्यांत घालून झालं होतं, कणीक तर सकाळीच मळलेली. ताट दाखवून परत आले तर मीठ रेघेच्या दोन बोटं खाली. आत फक्त सीमाबाई. पातेल्यांशी उभ्या होत्या, मला बघून पळी ठेवली आणि मागे सरल्या.

त्यांच्याकडे एक कापडी पिशवी असते.

मीठच का? आज मीठ, उद्या तूप, असं तर नसेल? नवरा नाही, मुलगी प्रिती नर्सिंग शिकते आहे, ओढगस्त असणार. मागितलं असतं तर मी दिलं नसतं का? मनवाला सांगायचं धैर्य होत नाही. देवा, माझा संशय खोटा ठरव.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नव्वद ताटं. आता डाळ मोठ्या पातेल्यात शिजते. ती उतरवायची वेळ मी आवाजावरून ओळखते. आधी खदखद पातळ असते, मग घट्ट होते, आणि एका क्षणी जड पडते. सीमाबाई म्हणतात, मला नुसती एकच खदखद ऐकू येते.

ट्रस्टचा निरोप आला. शनिवारी सहा डिसेंबरला वर्दे आणि आणखी दोघे जेवायला येणार. त्याच संध्याकाळी त्यांची सभा. मनवाने सीमाबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी नसते. पाचला आणि सहाला आम्ही दादरला असतो, गावाहून आलेल्या माणसांना जेवण वाढायला. लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकलेलं नाही."

मनवा म्हणाली, "नुसतं दुपारपुरतं?"

"नाही गं. दुसरं काहीही सांग."

मग त्या माझ्याकडे वळल्या. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. "काकू, त्या दोन दिवशी मीठ जरा..." एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. मिठाचं नाव त्यांच्याच तोंडून निघालं. मी म्हटलं, "मिठाचं मी बघते." जरा तोडूनच म्हटलं.

रेघ रोज मारते. रोज दोन बोटं खाली.

५ डिसेंबर, शुक्रवार

सीमाबाई नाहीत. पोळ्यांना नानांच्या ओळखीची एक बाई आली आहे, चांगली आहे.

नैवेद्यानंतर बरणी पाहिली. मीठ रेघेवर. जराही हललं नाही. शिधाही जुलैनंतर पहिल्यांदा बरोबर जुळला.

म्हणजे संशय खरा. आनंद व्हावा असं यात काही नाही.

दुपारी एक चमत्कारिक गोष्ट झाली. नानांनी पहिला घास घेतला आणि तिथूनच हाक मारली, "वहिनी, आज सीमाबाई रजेवर दिसतात." त्यांच्या ओट्यावरून स्वयंपाकघर दिसत नाही, मध्ये पोत्यांची थप्पी आहे. पोळ्यांवरून ओळखलं म्हणावं तर पोळीला अजून हात लावला नव्हता, आमटीभातच कालवला होता. मी म्हटलं, "हो, उद्यापण नाहीत." नाना म्हणाले, "मग मी उद्या खिचडी लावीन म्हणतो घरी."

म्हाताऱ्या माणसाची लहर.

६ डिसेंबर, शनिवार

काय झालं मला कळत नाही.

पहाटे चारला उठून न्हाले, अकराऐवजी एकवीस आवर्तनं केली. डाळिंब्यांची उसळ, अळू, आमटी, सगळं माझ्या हाताखालचं. दाण्याला दाणा सुटलेला भात. वर्दे आणि दोघे तीन नंबरवर बसले. नीट जेवले, हसून बोलले. पण ताटं मी उचलली. उसळ अर्धी, अळू तसंच, आमटीची वाटी भरलेली. फक्त लोणचं संपलेलं. त्यांचीच नाही, सगळ्यांचीच ताटं तशी. बादलीभर अन्न गेलं. आमच्या घरात शीत टाकत नाहीत.

वर्दे जाताना मनवाला म्हणाले, "प्रयत्न चांगला आहे. बघू. सभेत बोलतो." मनवाने मान हलवली. ते गेल्यावर ती पातेल्याशी आली, बोट बुडवून चाटलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी पडल्यावर नील लहानपणी बघायचा तसं.

मग पातेल्यावर झाकण ठेवून बाहेर गेली. मी विचारलं नाही.

मीठ आजही बरोबर जुळलं.

७ डिसेंबर, रविवार

आज मंडई बंद. हे सगळं जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी आम्ही जेवायला बसलो. ह्यांनी मिठाची बरणी ओढली. कालचं मनात होतंच, मी फाडकन बोलले, "ठेवा ती. बीपी वाढवून घ्यायचंय का?"

हे शांतपणे म्हणाले, "अगं, माझ्या बीपीसाठी तू मार्चपासून अळणी रांधतेस, ते मी मुकाट खातो. चिमूटभर वरून घेऊ दे."

"मी कधी अळणी रांधलं?"

"रोज." हे थांबले. "म्हणजे, मुद्दाम नाही?"

मी उठले. हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. काही नाही. दुसरी, जुनी डबी. काही नाही. देवघरातला कापूर घेतला, चुरला, ओंजळीत धरून नाक त्यात खुपसलं. माझ्या तळहाताचा थंडावा लागला. बाकी काही नाही.

बाहेरच्या खोलीतून ह्यांनी हाक मारली, "कापूर कशाला काढलास गं आत्ता?"

त्यांना तिथे आला.

मी देवघराशीच खाली बसले. मोगरा, अगरबत्ती, गॅस. आल्याचा तुकडा. मग हळूहळू बाकीचं उलगडलं. जुलैपासूनचं मीठ. ताटं वाढली तीही जुलैपासूनच. माझ्या आवर्तनांनी नव्हे, नव्या हिंगाने नव्हे. मीठ मंडईच्या बाहेर कधी गेलंच नव्हतं. ते पातेल्यातच जात होतं, मी देवासमोर डोळे मिटून उभी असताना.

आणि मी रेघा मारत होते.

हे येऊन शेजारी बसले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी खाली बसले. कापूर माझ्या हातातून घेऊन डबीत ठेवला, उडून जाऊ नये म्हणून. काटकसर माझ्याकडूनच शिकलेत.

८ डिसेंबर, सोमवार

सातलाच मंडईत गेले. सीमाबाई आल्या, दोन दिवस उभ्या राहून पाय सुजलेले. मी त्यांना पाटावर बसवलं आणि म्हटलं, "मला वास येत नाही. कालच कळलं."

"हां," त्या म्हणाल्या. "मला गॅसच्या दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर दुसऱ्या दिवशी तुम्ही चूल सोडली असतीत. तुमचा स्वभाव माहीत आहे मला. आणि मग? डाळ कधी उतरवायची ते मला येत नाही, भरड मसाला किती भाजायचा ते येत नाही. मी नुसतं मीठ बघते, आंबट-गोड बघते. तेवढ्याने ताट होत नाही, काकू." पदराने पायावरची धूळ पुसत म्हणाल्या, "गाळा गेला तेव्हा दोन वर्षं घरी बसले. हेही मिटलं तर पुढे काय, ते माझ्याकडे नाही."

"पण चोरून?"

"चोरून कशाला? तुमच्या देवाचं ताट गेलं की मग पातेल्यात हात घालायचे. आधी कधीच नाही. तुमचा नेम मोडला नाही मी."

मला भडभडून आलं. पण अजून एक सांगायचं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय रडायचा मला हक्क नव्हता. मी पट्टीवरची रेघ दाखवली. ती कशासाठी मारत होते ते सांगितलं. पिशवीचंही सांगितलं.

त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "रेघ मी पाहिली होती. मला वाटलं तुम्हाला कळलंय, आणि तुम्ही माप बघताय." पिशवी उचलली, उलटी केली. चपला, छत्री आणि प्रितीचं एक पुस्तक पडलं. "न्यायचंच असतं तर तूप नेलं असतं. मीठ नेणारी दिसते का मी?"

उठून कांदे चिरायला बसल्या. दहा वाजेपर्यंत एक शब्द नाही. मी पण त्यांच्याशेजारी बसून चिरत राहिले. कांद्याने डोळ्यांना पाणी येतं तेवढं मला अजून येतं, वास नसला तरी. शेवटी त्या म्हणाल्या, "एवढे जाड चिरू नका. गिऱ्हाईक माझं नाव घेईल."

मी पुढचा कांदा बारीक चिरला.

दुपारी मनवा वर्द्यांकडे गेली. काय बोलली ते तिने सांगितलं. "म्हटलं, त्या दिवशी आमचं अर्धं स्वयंपाकघर दादरला होतं. पूर्ण असेल तेव्हा जेवायला या." नानाही तिथे जाऊन बसले होते म्हणे, न बोलावता. शनिवारच्या सभेने निर्णय वर्द्यांवरच सोडला होता, ते बुधवारी पुन्हा जेवायला येताहेत.

९ डिसेंबर, मंगळवार

नाकाच्या डॉक्टरांकडे मनवा घेऊन गेली. तापाने वास आणि जिभेची चव, दोन्ही गेलं असणार, म्हणाले. येईल, नाही येणार, सांगता येत नाही. लवंग आणि लिंबू रोज हुंगायला सांगितलंय. लवंगा घरात आहेत.

मला टोचतंय ते दुसरंच. जुलैपासून मंडईतले सगळे हळूहळू चांगलं जेवायला लागले, एक सोडून. ज्याचं ताट सगळ्यांच्या आधी भरलं जातं, त्याच्याच ताटात रोज अळणी. आणि तेच ताट मी जेवत होते, म्हणून मलाही कळायची सोय नव्हती.

सीमाबाईंना हे म्हटलं तर त्या म्हणाल्या, "सात महिने तो काही बोलला नाही, मग मी कशाला बोलू?" गुणाजी पोत्यावर बसून इतका हसला की ठसका लागला.

पण उद्याचं काय? मीठ आधी बघायचं म्हणजे देवाच्या आधी चव. सासूबाई गेल्या तेव्हा मी त्यांच्या पायांवर हात ठेवून सांगितलं होतं, दंडक मोडणार नाही. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "आईचं नाक शेवटपर्यंत शाबूत होतं. तिला हा प्रश्नच पडला नाही."

रात्री देवाजवळ बसले. वासावरून कळलं पाहिजे, हे सासूबाई म्हणायच्या. कोणाच्या वासावरून, कोणाच्या जिभेवरून, असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या. ही पळवाट आहे का? असेल. पण चांगलं ते देवाला आधी द्यायचं, त्यासाठीच ना दंडक. दुसऱ्यांना चांगलं आणि त्याला अळणी, असं ठेवून मी कोणता नेम पाळत होते?

१० डिसेंबर, बुधवार

सव्वाअकराला आमटी उतरवली. जड पडल्याबरोबर. मग म्हटलं, "सीमा, इकडे ये. चव बघ."

तिने घड्याळाकडे पाहिलं. "ताट जायचंय अजून."

"म्हणूनच म्हणते. आधी बघ."

"काकू, नंतर तुम्हाला लागून राहील."

"राहिलं तर राहिलं. तो अळणी जेवतोय त्याचं जास्त लागून राहिलंय."

तिने हात धुतले, पुन्हा एकदा धुतले, पळीतून चमचाभर आमटी तळहातावर घेतली, जिभेला लावली. डोळे मिटले. "मीठ अजून मूठभर. चिंच बरोबर आहे. गुळाचा खडा, लहान." मी घातलं. उसळीत तिने काही सांगितलं नाही, नुसती मान हलवली. भाजीला मीठ तिच्याच हाताने घातलं.

मग ताट भरलं. पाणी फिरवलं. आज एकच आवर्तन म्हटलं आणि देवाला सांगितलं, इतके दिवस गप्प जेवलास, आज नीट जेव. रागावला असशील तर माझ्यावर रागव, तिच्यावर नको. तिने दोनदा हात धुतलेत.

एकशे दोन ताटं. वर्दे तीन नंबरवरच बसले. आमटीची वाटी दोनदा पुढे केली, उसळ पुसून खाल्ली. हात धुताना म्हणाले, "शनिवारी आणि आज एकच बाई स्वयंपाक करते?" नाना चौदावरून म्हणाले, "दोन बाया करतात. शनिवारी एकच होती." वर्द्यांनी हात पुसले. "कागद पाठवतो. तीन वर्षांचा." मनवा आत आली आणि पिठाच्या हातांसकट सीमाला बिलगली, मग मला.

बादलीत आज काही पडलं नाही. देवा, तुझे उपकार, आणि माणसांचेही.

तीन वाजता सगळं आवरल्यावर देवाचं ताट समोर घेतलं. म्हटलं, "सीमा, एवढं मला एकटीला जात नाही. ये बस."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जेवण म्हणून."

चौदा नंबरच्या ओट्यावर बसलो दोघी, ताट मध्ये. मी एका बाजूने, ती एका बाजूने. मी प्रसाद म्हणून जेवले, ती जेवण म्हणून. आमटीची चव मला लागली नाही. पण भात संपल्यावर तिने उठून आणखी वाढून आणला, त्यावरून कळली.

पट्टी सोलून टाकली.

आज मीठ: बरणीतून गेलं अर्धा किलो. पातेल्यांत पडलं अर्धा किलो. जुळलं.